वेळेवर काम : बिनपैशाची निविष्ठा



शेतीला काय काय लागते असे कुणी विचारले, तर आपण बियाणे, खत, औषध, पाणी, मजूर अशी नावे घेतो. या प्रत्येकाला पैसा मोजावा लागतो. पण शेतीशास्त्रात काही निविष्ठा अशाही सांगितल्या आहेत, की ज्यांना गाठीचा पैसा लागत नाही. त्यांना बिनपैशाच्या निविष्ठा म्हणतात. योग्य वेळी पेरणी, रोपांची योग्य संख्या, वेळेवर कोळपणी-खुरपणी आणि पिकाच्या नेमक्या गरजेच्या वेळी पाण्याची पाळी, या त्यांतल्या मुख्य. त्या दुकानात मिळत नाहीत, उधारीवर मिळत नाहीत, आणि एकदा हातातून गेल्या की त्या हंगामात परत येत नाहीत. आजचे बोलणे त्यांच्याबद्दल, म्हणजे काम वेळेवर करण्याबद्दल आणि ‘करू की उद्या’ या आपल्या सवयीबद्दल आहे.

उशिराचा हिशेब

उशीर किती महाग पडतो ते आधी पाहू. बागायती गव्हाची वेळेवर पेरणी म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. त्यानंतर प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पादन घटते, असे कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत सांगितले आहे. हेक्टरी अडीच क्विंटल म्हणजे एकरी एक क्विंटल. हिशेबापुरता क्विंटलला २,४०० रुपये भाव धरा. दोन एकर गहू आहे, आणि आज ट्रॅक्टर नाही, उद्या बियाणे आणायचे राहिले, असे करता करता पेरणी पंधरा दिवस लांबली, तर ४,८०० रुपये गेले. हेच पैसे खिशातून कुणी काढून नेले असते तर आपण गावभर शोध घेतला असता. इथे मात्र ते गेल्याचे कळतही नाही. पीक उभे दिसते, फक्त पोती कमी भरतात. मशागतीचा, खताचा, पाण्याचा खर्च एका रुपयानेही कमी झालेला नसतो.

याच गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. त्या वेळची पाण्याची पाळी चुकली तर फुटवे कमी राहतात. पुढे कितीही पाणी दिले तरी ते फुटवे काही परत येत नाहीत. सोयाबीनचेही तसेच. पहिले ३० ते ४५ दिवस रान तणविरहित ठेवायचे असते. म्हणून पहिली कोळपणी १५ ते २० दिवसांनी आणि दुसरी ३० ते ३५ दिवसांनी करायची. दीड महिन्यानंतर गवत गुडघ्याला लागल्यावर दुप्पट मजुरी देऊन खुरपले, तर रान स्वच्छ दिसेल. पण तणाने खाल्लेले खत आणि ओल पिकाला परत मिळणार नाही. बैल गेला अन् झोपा केला, ही म्हण आपल्याच वाडवडिलांनी केली आहे. त्यांना हे पक्के ठाऊक होते.

हंबरणारे काम आणि मुके काम

आता तुम्ही म्हणाल, साहेब, हे सगळे आम्हाला माहीत आहे. खरे आहे. आणि चालढकल होते ती आळसामुळेच होते, असे मीही म्हणणार नाही. पहाटे उठून धार काढणारा, रात्रीच्या लाइटीवर पाणी धरणारा माणूस आळशी कसा असेल? गडबड वेगळीच आहे. दिवसभर माणूस कामातच असतो आणि तरी नेमके महत्त्वाचे काम राहून जाते.

याचे कारण असे, की काही कामे ओरडून वेळ मागतात आणि काही कामे मुकी असतात. गाय हंबरते, म्हणून धार वेळेवर निघते. पाहुणा दारात उभा राहतो, म्हणून त्याची ऊठबस होते. मोबाईल वाजतो, म्हणून तो उचलला जातो, आणि मग त्यातच अर्धा तास कसा गेला ते कळत नाही. पण बियाण्याची उगवण तपासायची राहिली तर बियाण्याचे पोते काही हंबरत नाही. मातीचा नमुना घ्यायचा राहिला तर रान हाक मारत नाही. बांध फुटायला आलेला असतो, पण तो पाऊस पडेपर्यंत गप्प असतो. मुक्या कामाला आवाज आपणच द्यावा लागतो. तो द्यायचा म्हणजे त्याला तारीख द्यायची.

थांबणे वेगळे, चालढकल वेगळी

इथे एक गैरसमज काढून टाकू. वेळेवर म्हणजे घाईने नव्हे. शेतीत थांबावेही लागते, आणि ते शहाणपणाचे असते. पहिला पाऊस झाला, रान जरा ओले झाले, की लगेच तिफण धरू नये. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेली, म्हणजे वापशावर खरिपाची पेरणी करावी, अशी शिफारस आहे. त्याआधी पेरले आणि पावसाने खंड दिला, की दुबार पेरणीची पाळी येते. बियाणे दोनदा, मजुरी दोनदा आणि कर्जही वाढते. कपाशीवर गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावले, तर एका सापळ्यात दररोज सरासरी आठ पतंग, असे सलग तीन दिवस सापडल्यावर उपाय योजायचा असतो. शेजाऱ्याचा पंप पाठीवर दिसला म्हणून आपणही फवारणी करणे हे वेळेवरचे काम नव्हे. ती पैशाची नासाडी आहे.

मग थांबणे आणि चालढकल यांत फरक कसा ओळखावा? अगदी सोपा आहे. थांबण्याला अट असते, चालढकलीला अट नसते. ‘पेरणी कधी करणार?’ या प्रश्नावर ‘शंभर मिलिमीटर झाला आणि वापसा आला की’ असे उत्तर आले, तर तो माणूस थांबलेला आहे. ‘बघू, गावाने पेरले की पेरू’ असे उत्तर आले, तर ती चालढकल आहे. म्हणून एक नियम घरात सगळ्यांनी करून घ्या. ‘नंतर’ हा शब्द एकटा वापरायचा नाही. त्याच्या मागे एक तर तारीख लावायची, नाही तर अट लावायची. ‘मोटार नंतर दुरुस्त करू’ असे नाही, ‘मोटार सोमवारी बाजारच्या दिवशी नेऊ’. ‘गवत नंतर काढू’ असे नाही, ‘उघडीप मिळून वापसा आला की पहिल्याच दिवशी कोळपे घालू’.

वापशाची कामे आणि मोकळी कामे

वापसा म्हणजे काय ते शेतकऱ्याला सांगायला नको. रान फार ओले असले तर औत चालत नाही, चिखल चिकटतो. फार वाळले तर ढेकळे निघतात. या दोहोंच्या मधले थोडे दिवस हाच वापसा. काळ्या रानात तर तो हा हा म्हणता निघून जातो. पेरणी, कोळपणी, कोरडवाहू हरभऱ्याची आणि रब्बी ज्वारीची पेरणी ही सगळी वापशाची कामे. त्यांचा दिवस आपण ठरवत नाही, रान ठरवते.

पण प्रत्येक वापशाच्या कामामागे चार मोकळी कामे असतात, ती कधीही करता येतात. पेरणीमागे बियाणे निवडणे, उगवण तपासणे, तिफणीचे चाडे-नळे किंवा पेरणीयंत्राच्या नळ्या साफ करणे, बीजप्रक्रियेची औषधे आणून ठेवणे ही कामे आहेत. कोळपणीमागे कोळप्याच्या पासा धार लावून आणणे आहे. फवारणीमागे पंपाचे नोझल आणि वायसर तपासणे आहे. आपला घोटाळा नेमका इथे होतो. मोकळी कामे मोकळ्या दिवसांत होत नाहीत, आणि मग ती वापशाच्या दिवशी पुढ्यात येऊन बसतात. रान पेरायला तयार आणि तिफण सुताराकडे! तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात ते हेच. वापशाचा दिवस फक्त वापशाच्या कामासाठी राखायचा असेल, तर मोकळी कामे आधी संपलेली पाहिजेत.

एक उदाहरण घेऊ. घरचे सोयाबीन बियाणे वापरणार असाल, तर उगवण तपासायला एक पैसा लागत नाही. ओल्या गोणपाटावर दहा-दहा बियांच्या दहा ओळी, म्हणजे १०० बिया ठेवा. वरून दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करा, सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब आलेल्या बिया मोजा. ७० किंवा जास्त उगवल्या तर एकरी ३० किलो बियाणे पुरे. ६० उगवल्या तर एकरी ३५ किलो लागेल. त्याहूनही कमी उगवल्या तर ते बियाणे पेरू नये, दुसरे पाहावे. आता हे तुम्हाला मे महिन्यात कळले तर दुसरे बियाणे बघायला हाताशी महिना आहे. पेरणीच्या आदल्या दिवशी तपासायला घेतले तर हाताशी काहीच नाही. आणि पेरल्यावर रानात कळले, तर ते कळून उपयोग काय?

मातीच्या नमुन्याचेही तसेच. पीक निघाल्यावर आणि खत टाकण्यापूर्वी, आठ-दहा ठिकाणी २० ते २२ सेंटिमीटर खोल इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे खड्डे घेऊन कडेची माती गोळा करायची. ती मिसळून अर्धा किलो नमुना काढायचा. एका सकाळचे काम आहे. पण उन्हाळा गेला की ती सकाळ त्या वर्षी पुन्हा सापडत नाही, आणि खत अंदाजानेच पडते.

नक्षत्राची वही

आता हे सगळे लक्षात ठेवायचे कसे? त्यासाठी आपल्या जुन्या लोकांनी सोय करून ठेवलेली आहे. शेतकऱ्याचे वर्ष नक्षत्रांनी मोजले जाते. एक नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवसांचे. रोहिणी २५ मेच्या सुमारास लागते, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला. कामाचे नियोजन करायला यापेक्षा चांगले माप नाही. महिना फार मोठा पडतो, आणि रोजचे नियोजन पावसापुढे टिकत नाही.

मुलांच्या जुन्या वहीत कोरी पाने असतातच. एका नक्षत्राला एक पान द्या. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे लिहा ‘उघडीप असेल तर’ आणि उजवीकडे लिहा ‘पाऊस असेल तर’. डावीकडे रानातली कामे, उजवीकडे घरातली आणि गोठ्यातली कामे. दावी-कासरे वळणे, अवजारांना तेल देणे, पोती शिवणे, हिशेब लिहिणे, बँकेची कागदपत्रे लावून ठेवणे. म्हणजे सकाळी उठून आभाळाकडे पाहिले की आज काय करायचे ते वहीच सांगेल. ‘पाऊस आहे, आज काय काम होणार’ म्हणून दिवस पारावर जाणार नाही.

प्रत्येक कामापुढे घरातल्या एकाचे नाव लिहा. ‘आपण करू’ म्हटलेले काम कुणाचेच नसते. आणि ही वही एकट्या कारभाऱ्याने लिहू नये. बियाणे कुठे ठेवले आहे, खुरपणीला बायका कधी मिळतील, कोणत्या घरी लग्न आहे आणि कोणत्या दिवशी मजूर येणार नाहीत, हे घरातल्या भगिनींना जास्त माहीत असते. त्यांना विचारल्याशिवाय केलेले नियोजन पहिल्याच आठवड्यात मोडते.

हवामानावर आधारित कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. तो ऐकून किंवा वाचून त्या दोन दिवशी वही पुढे घ्यावी आणि कामे मागे-पुढे करावीत.

काम अडते कुठे?

काही कामे वहीत लिहूनही होत नाहीत. पान उलटले तरी तेच काम पुढच्या पानावर जाते. असे दोनदा झाले की समजावे, इथे काहीतरी अडले आहे. ते शोधावे. बहुतेक वेळा पुढील तीनपैकी एक कारण सापडते.

पहिले, काम फार मोठे दिसते. पाचशे फूट बांध दुरुस्त करायचा म्हटले की हातपाय गळतात. मग ‘बांध दुरुस्ती’ असे न लिहिता ‘आंब्यापासून बोरीपर्यंत बांध’ असे लिहा. उन्हे चढायच्या आत रोज एक तास, तेवढेच. सुरुवात झाली की पुढचे काम माणसाला आपणच ओढते.

दुसरे, काम दुसऱ्याच्या हातात असते. ट्रॅक्टर, मजूर, बैलजोडी. सगळ्या गावाला एकाच दिवशी ट्रॅक्टर हवा असतो, तेव्हा तो मिळणार कसा? त्याला आधी सांगून ठेवा, जमले तर थोडा विसार द्या. मजुरांची अडचण असेल तर सावड करा. चार-पाच घरांनी मिळून आज तुझे, उद्या माझे असे रान खुरपून काढायचे. आपल्याकडे ही रीत जुनीच आहे. तिचा आणखी एक फायदा आहे. आपले स्वतःचे काम आपण पुढे ढकलतो, पण सावडीला शब्द दिला की माणूस उठतोच.

तिसरे, काम नकोसे असते. त्यात नुकसान कबूल करावे लागते किंवा मोह सोडावा लागतो. कपाशीचेच बघा. डिसेंबरअखेर पीक संपवून पऱ्हाट्या काढायच्या असतात. पण चार बोंडे दिसतात, एखादी वेचणी होईल असे वाटते, आणि फरदड उभी राहते. तिच्यावर गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत पोसली जाते. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात या अळीने कपाशीची काय दैना केली, ते अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. अशा कामाला जास्त विचार करायला वेळ देऊ नये. तारीख आधीच ठरवावी आणि ती चार माणसांत बोलून दाखवावी. गावाने मिळून ठरवली तर फारच उत्तम, कारण पतंगाला बांध कळत नाही.

कागदाची कामे

रानातल्या कामांइतकीच आता कागदाची कामे महत्त्वाची झाली आहेत. २०२१ पासून आपल्या राज्यात पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची ई-पीक पाहणी सुरू झाली. मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत सगळा तालुका एकदम नोंदीला बसतो. त्या गर्दीत आपली नोंद अडकली तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही, आणि मदतीच्या किंवा सरकारी खरेदीच्या वेळी धावाधाव होते. पीक विम्याच्या हप्त्याचे आणि पीक कर्ज मुदतीत फेडून व्याजाची सवलत घेण्याचेही असेच आहे. या सगळ्याला एकच युक्ती. सरकारने दिलेली शेवटची तारीख वहीत लिहूच नका. तिच्या पंधरा दिवस आधीची तारीख लिहा आणि तीच आपली शेवटची तारीख समजा. तसेच तालुक्याला जाताना एका कामासाठी एक खेप करू नका. बँक, बियाणे, मोटारीचे काम, दवाखाना असे चिठ्ठीवर लिहून एका खेपेत उरका. गाडीभाडे वाचेल आणि एक अख्खा दिवस वाचेल. दिवसाची किंमत भाड्यापेक्षा मोठी आहे.

विसावाही ठरवून घ्या

शेवटी एक सांगायचे आहे. वेळेचे नियोजन म्हणजे माणसाने चोवीस तास राबावे असे नव्हे. लग्नकार्य, पोळा, जत्रा, बाजार, पारावरच्या गप्पा या सगळ्यांना आयुष्यात जागा हवी. आषाढीची वारी तर ऐन कोळपणीच्या दिवसांत येते. वारीला जायचे असेल तर जरूर जावे. पण निघण्याआधी माघारी कोळपे कोण धरणार, गुरांचे कोण बघणार, हे ठरवून जावे. मग वाटेत मन रानाकडे ओढणार नाही आणि चित्त विठ्ठलापाशी राहील. काम टाळून घेतलेला विसावा अंगाला लागत नाही, मनात रुखरुख राहते. काम मार्गी लावून घेतलेला विसावा खरा.

सध्या उन्हाळ्याचे दिवस आहेत. मृग अजून लागायचा आहे. दिसायला दिवस भरपूर दिसतात, पण मोकळी कामे उरकायला हेच दिवस आहेत. म्हणून फार मोठा संकल्प करू नका. आज रात्री जेवणे झाली की घरातल्या सगळ्यांनी मिळून पाच गोष्टी करा :

१. एक जुनी वही घ्या आणि तिच्यात रोहिणी, मृग आणि आर्द्रा अशी तीन पाने पाडा.

२. प्रत्येक पानावर उघडीपीची आणि पावसातली कामे लिहा.

३. प्रत्येक कामापुढे तारीख किंवा अट आणि करणाऱ्याचे नाव लिहा.

४. गेल्या वर्षी जे काम उशिरा झाले म्हणून नुकसान झाले, ते सगळ्यात वर लिहा.

५. झोपण्यापूर्वी १०० बिया मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा.

पाचवे काम पंधरा मिनिटांचे आहे, पण ते आजच करा. आठवड्याभराने ती गुंडाळी उघडाल तेव्हा आपले बियाणे कसे आहे ते कळेल, आणि मृगाच्या आधीच खरिपाचे पहिले काम वहीत खोडलेले असेल. वापसा आपल्यासाठी थांबत नाही. आपणच तयार होऊन त्याची वाट पाहावी.